विसराचं सलाइन

चारुशीला फेगडेला पहिला झटका आला तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर मांडा होता.

सावद्याला एका केळीच्या व्यापाऱ्याकडे लग्न होतं. मांडवामागे चार चुली पेटलेल्या, त्यांवर खापरं पालथी घातलेली. पुरण भरलेला उंडा तळव्यांवरून मनगटांवर, मनगटांवरून कोपरांपर्यंत झेलत झेलत चारूने उपरण्याएवढा पातळ केला होता. आता तो खापरावर टाकायचा तेवढा बाकी होता. सकाळपासून तिला शिंका येत होत्या, पण शिंका गेली दोन वर्षं येतच होत्या. पिठात राबणाऱ्या बाईला शिंका यायच्याच, असं सगळ्याजणी म्हणायच्या. अर्ध्या तासापूर्वी पहिल्या मांड्याचा तुकडा तिने चवीला तोंडात टाकला होता. आता तळवे खाजायला लागले, ओठ जड झाले आणि घसा कोणी आतून पिळावा तसा आवळला. मांडा हातांवरून सुटून राखेत पडला. शेजारच्या चुलीवर तिची आई प्रमिलाबाई होती. ती पुढे सांगायची, की आधी नजर गेली ती मांड्याकडे, मग पोरीकडे. इतक्या वर्षांत चारूच्या हातून मांडा पडलेला तिने पाहिला नव्हता.

ते दोन हजार एकोणचाळीस साल होतं. चारू तेव्हा चौतीस वर्षांची होती.

जळगावच्या डॉक्टरांनी जीव वाचवला आणि रोगाचं नाव सांगितलं, गव्हाची अ‍ॅलर्जी. प्रमिलाबाईला ते पटेना. जन्मभर ज्या पिठात वाढली ते पीठ एका दिवसात वैरी कसं झालं? डॉक्टर म्हणाले, एका दिवसात झालं नाही. वर्षानुवर्षं पिठाची धूळ श्वासातून आत जात राहिली आणि शरीराने हळूहळू आपला निकाल बदलला. काहींना अ‍ॅलर्जी लहानपणीच लागते, काहींना अशी मोठेपणी. आता गव्हाचा कण पोटात जायला नको आणि पीठ उडतं तिथे उभंही राहायला नको.

पुढची तीन वर्षं चारूने ज्वारीची भाकरी खाऊन काढली. भाकरीचं तिला दुःख नव्हतं, खान्देशात भाकरीला कोण नाही म्हणतं. पण फैजपूरपासून भुसावळपर्यंत कुठेही मांडे करायचे म्हटलं की प्रमिलाबाईंच्या लेकीचं नाव निघायचं, ते बंद झालं. तिच्या हाताखाली शिकलेल्या बायका आता तिच्याशिवाय जायच्या. मुलीच्या, शर्वरीच्या डब्याची पोळी नवरा हेमराज मागच्या पडवीत लाटायचा आणि हात धुऊन, सदरा बदलून घरात यायचा. तो केळी पिकवण्याच्या गोदामात कामाला होता. मितभाषी, सरळ माणूस. कुरकुर केली नाही, पण पोळ्या लाटता लाटता तो कधी गाणं म्हणायचा ते मात्र थांबलं. चारूच्या मनगटावर एक पट्टी असायची. रक्तात झटक्याची पहिली चाहूल लागली की ती लाल व्हायची. कमरेच्या पिशवीत इंजेक्शनचं पेन. आयुष्य या दोन वस्तूंच्या बेतानं चाललं होतं.

नाशिकच्या एका अ‍ॅलर्जी केंद्रात नवा उपचार सुरू झाल्याची बातमी शर्वरीनेच वाचून दाखवली. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं. लोक त्याला विसराचं सलाइन म्हणत.

केंद्रात डॉ. नसरीन तडवी भेटल्या. रावेरकडच्याच, त्यामुळे चारूला पहिल्या वाक्यापासून माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. डॉक्टरांनी तिला कागदावर चित्रं काढून समजावलं. शरीर ज्या पदार्थाला शत्रू मानतं त्याची आठवण ठेवणाऱ्या काही पेशी असतात. त्या हाडांच्या मगजात घर करून बसतात आणि वर्षानुवर्षं त्या शत्रूविरुद्धची हत्यारं तयार करत राहतात. हे सलाइन त्या पेशींना शोधून मारतं. मग सहा आठवडे शरीर कोऱ्या पाटीसारखं असतं, आणि त्या काळात कणाकणाने गहू देऊन त्याला नवी ओळख शिकवायची.

“पण हे फक्त लहानपणी अ‍ॅलर्जी सुरू झालेल्यांना,” डॉक्टर म्हणाल्या.

चारूने कारण विचारलं. डॉक्टरांनी पेन्सिल पुन्हा उचलली. तान्ह्या बाळाच्या अंगावर पुरळ असेल, कातडी फुटलेली असेल, आणि त्यातून एखादा पदार्थ पोटाआधी रक्तात शिरला, तर शरीर त्याला पहिल्याच भेटीत शत्रू ठरवतं. ते वैर एका कोपऱ्यात वेगळं राहतं. बाकीच्या हजार पदार्थांशी शरीराची मैत्री त्याच्या बाजूने वाढत जाते, त्यात मिसळत नाही. म्हणून ते उपटून काढता येतं. मोठेपणी लागलेल्या अ‍ॅलर्जीचं तसं नसतं. तिथे मैत्री सांभाळणाऱ्या पेशींच्याच वंशातल्या काही फितूर झालेल्या असतात. फितूर मारायला गेलं की राखणदारही मरतात. मग शरीराला गहू नवा, तूर नवी, दूध नवं. आणि ज्याची आतली अस्तरं धुळीने आधीच सोलपटली आहेत असं शरीर नव्याशी मैत्री करत नाही.

“सुरुवातीला आम्ही चौदा मोठ्यांना दिलं होतं,” डॉक्टर म्हणाल्या. “त्यातल्या अकरा जणांना आज जेमतेम दोन-तीन पदार्थ चालतात. त्यानंतर नियम केला. बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवी. तुमची कधी सुरू झाली?”

चारूने खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. आईला विचारून सांगते, म्हणाली.

परतीच्या बसमध्ये तिने स्वतःशी हिशोब मांडला. चौदातले अकरा म्हणजे तिघं वाचले. आपण चौथे का नाही? माणूस एकदा मनाशी ठरवून बसला की आकडे त्याच्या बाजूने बोलायला लागतात. घरी येऊन तिने हेमराजला सगळं सांगितलं, अकराचं तेवढं गाळून. तो म्हणाला, तुला पटेल ते कर.

अडचण पुराव्याची होती. अ‍ॅलर्जी कोणत्या वयात लागली हे रक्तातून सांगणारी तपासणी अजून निघाली नव्हती. हल्लीच्या पोरांची जन्मापासूनची नोंद सरकारी यंत्रात असायची, पण चारूच्या वेळचे कागद कधीच वाळवीने खाल्ले होते. अशांसाठी सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाची साक्ष चालत होती. चारू आईकडे गेली. वडील वारल्यापासून प्रमिलाबाई गावातच दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची. चारू चोरासारखी बोलत होती. एवढंच सांगायचं माय, की मला लहानपणापासून गहू सोसत नव्हता, एकदा खूप त्रास झाला होता; मधली वर्षं तो दबून राहिला, हे डॉक्टरांना मी सांगेन.

प्रमिलाबाई रागावेल असं तिला वाटलं होतं. ती रागावली नाही. डॉक्टर नेमकं काय म्हणाल्या ते तिने विचारलं. चारूने पुरळाचं, फुटलेल्या कातडीचं, पहिल्या भेटीचं सगळं सांगितलं.

“म्हणजे पिठाच्या हाताने लेकराला घेतलं तरी होतं?” आईने विचारलं.

“होतं म्हणतात.”

प्रमिलाबाईने तेच पुन्हा एकदा विचारलं. मग उठून ती मागच्या दारी गेली आणि बऱ्याच वेळाने चेहऱ्यावर पाणी मारून परत आली. येईन मी नाशिकला, म्हणाली.

साक्षीच्या दिवशी डॉक्टरांनी आवाज टिपणारं यंत्र चालू केलं आणि आठवेल तसं सांगा म्हणाल्या. प्रमिलाबाई मांडी घालून खुर्चीवर बसली होती. ती अशी बोलायला लागली की चारू थक्क झाली. चारुशीला दोन महिन्यांची असल्यापासून तिच्या गालावर, कोपरांच्या खळग्यांत पुरळ असायचं, खाजवून रक्त काढायची. आम्ही मांडे करायचो, हात सदा पिठाचे. रडली की तशीच उचलायची मी तिला, हात धुवायला सवड कुठली. घरात रोज भाकरीच, गहू सणावारी. दिवाळीला सांजोरीचा तुकडा दिला तेव्हा तोंड सुजलं होतं, आम्हाला वाटलं कुणाची नजर लागली. मग चार वर्षांची असताना एका लग्नात, मी चुलीपुढे होते, तिने मागून येऊन हात पुढे केला. मांड्याचा पापुद्रा दिला मी तिला. एवढासा.

“पुढे?” डॉक्टरांनी विचारलं.

“ओठ निळे पडले. मांडीवर घेतलं तर मान टाकली. बाया म्हणाल्या, कांदा हुंगवा. पाव्हण्यांची जीप आणायला माणूस पळाला.” प्रमिलाबाई थांबली. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते. “मग उठली.”

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं आणि तिच्यासाठी पाणी मागवलं. बाहेर आल्यावर चारूने आईला मिठी मारली. माय, तू तर नाटकात जायला हवं होतंस, असं ती हसत म्हणाली. प्रमिलाबाई हसली नाही. पदराने हात पुसत राहिली, जणू त्यांना काही लागलेलं होतं.

सलाइन सहा दिवस चाललं. चारूच्या पलंगाजवळ रजनी गावित नावाच्या पंचेचाळीस वर्षांच्या शिक्षिका भेटीला येऊन बसायच्या. त्यांचा नंबर सात महिन्यांनी होता, तपासण्यांसाठी त्या नंदुरबारहून यायच्या. त्यांना तान्हेपणापासून दूध चालत नव्हतं. त्या म्हणायच्या, मला पेढा खायची हौस नाही, चवच माहीत नाही तर हौस कशी असणार. मला फक्त शाळेत पोरांच्या पंगतीत बसायचंय. पोरं ताक पितात आणि मी खिडकीतून बघते.

“तुम्हाला पोळीची चव माहीत आहे,” एकदा त्या चारूला म्हणाल्या. “तरी तीन वर्षं काढलीत. माझ्याच्यानं झालं नसतं.”

चारूने मान खाली घातली. त्या बाई तिला तान्हेपणापासूनची, आपल्यातलीच समजत होत्या.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांच्या देखत तिने अख्खी पोळी खाल्ली. मनगटाची पट्टी हिरवीच राहिली. त्या संध्याकाळी हेमराजने घरातल्या ओट्यावर पोळ्या लाटल्या, शर्वरीने आईला भरवलं, आणि पोळीचा वास घरभर फिरला तरी कुणी खिडकी उघडायला धावलं नाही. पौष सरल्यावर लग्नं सुरू झाली. चारूने पुन्हा खापरापुढे पदर खोचला. पहिला मांडा टाकताना तिने मनगटाची पट्टी पाहिली, दुसऱ्याला पाहिली नाही. त्या दोन महिन्यांत ती जेवढी सुखी होती तेवढी आयुष्यात कधी नव्हती.

फाल्गुनात एका दुपारी वरण-भात खाताना पट्टी लाल झाली. भांड्याला काही लागलं असेल म्हणून भांडी बदलली. दुसऱ्या वेळी नुसती तूर शिजवली, पुन्हा लाल. तिने कुणाला न सांगता तूर सोडली. मग केळं गेलं. सगळ्या शिवारात केळीच केळी आणि हेमराजच्या कपड्यांना केळीचा वास; तो गोदामातून आला की चारूचे डोळे सुजायचे. नंतर शेंगदाणा गेला, दूध गेलं. मांड्यांच्या चुलीपुढे तर ती चैत्रातच शेवटची बसली, कारण गहू परत आला होता आणि पहिल्यापेक्षा दुप्पट रागाने आला होता. वैशाखात ज्वारी गेली. भाकरीच्या पहिल्या घासाला तिला दोन इंजेक्शनं द्यावी लागली आणि शर्वरीने ती दिली, कारण हेमराज कामावर होता. अकरा वर्षांची पोर. इंजेक्शन देताना तिचा हात स्थिर होता, नंतर ती न्हाणीघरात जाऊन ओकली.

नाशिकला डॉ. तडवींनी तपासण्या केल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा विचारलं, लहानपणीचं नक्की ना? चारू म्हणाली, नक्की. का म्हणाली, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. आईला खोटं पाडायचं नव्हतं, आणि केंद्राने हात झटकले तर तिला चालणारी एकमेव गोष्ट, कारखान्यात एकेका रेणूपासून बनवलेली ती बेचव भुकटी, कुठून मिळणार, हीही भीती होती.

त्या एका ‘नक्की’चे परिणाम चारूला महिनाभराने कळले. बालपणी अ‍ॅलर्जी लागलेल्या माणसाला असं होणं ही पहिलीच घटना, म्हणजे उपचारात काहीतरी मुळातच चुकतंय, असं देखरेख समितीने ठरवलं आणि सगळ्यांचे उपचार थांबवले. रजनीबाईंचा फोन आला. त्यांच्या तारखेच्या नऊ दिवस आधी ही बंदी आली होती. त्या तक्रार करत नव्हत्या, उलट चारूचीच चौकशी करत होत्या. काय खाता आता, कोण बघतं, पोरगी बरी आहे ना. काही नाही, थांबू थोडं, म्हणाल्या. एवढी वर्षं थांबलेच आहे.

आषाढात त्यांच्या भाचीच्या साखरपुड्यात मठ्ठ्यातला डाव कुणीतरी न धुता वरणात घातला. दोन्ही पेनं संपली. तालुक्याच्या दवाखान्याच्या वाटेवरच त्या गेल्या. चारूला हे त्यांच्या भावाने कळवलं. ताईच्या फोनमध्ये तुमचं नाव मैत्रीण म्हणून होतं, म्हणाला.

चारू तेव्हा घरामागे शेताच्या कडेला बांधलेल्या खोलीत राहत होती. घरातल्या फोडणीची वाफही तिला सोसेना, म्हणून हेमराजने ती खोली उभी केली होती, काचेच्या बंद खिडक्यांची, हवा गाळणाऱ्या यंत्राची. तिला भेटायला यायचं तर जेवून तीन तास झालेले हवेत, आंघोळ हवी, ठेवणीतले धुतलेले कपडे हवेत. शर्वरी आधी रोज यायची, मग एक दिवसाआड. शाळा, डबा, आंघोळी, तीन तास. पोरीचा दिवस पुरत नव्हता. शेवटी हेमराजने तिला भुसावळला बहिणीकडे ठेवलं आणि चारूला आदल्या दिवशी सांगितलं. चारू त्याला रागावली नाही. तुला पटेल ते कर, असं तिनेही म्हटलं.

रजनीबाईंची बातमी आली त्या दिवशी तिने आईला बोलावून घेतलं. प्रमिलाबाई नियमाप्रमाणे न्हाऊन, उपाशीपोटी आली. चारू म्हणाली, उद्या नाशिकला फोन करून मी खरं सांगणार आहे. तूही सांग, की साक्ष खोटी होती.

“खोटी नव्हती,” प्रमिलाबाई म्हणाली.

चारूला वाटलं आई घाबरली आहे. तिने समजावलं, तुला कुणी काही करणार नाही, मी सगळं माझ्यावर घेईन. प्रमिलाबाईने मान हलवली. तिने जे सांगितलं ते सांगायला तिला फार वेळ लागला. चोपड्याकडच्या एका गावात, चारूच्या जन्माआधी, आई-वडिलांना एक मुलगी होती. पुरळ तिचं, सांजोरी तिची, मांड्याचा पापुद्राही तिचाच. जीप आली तेव्हा ती गार झाली होती. गावाने पान लागलं म्हणून सांगितलं, म्हणजे साप चावला. त्यांनीही तेच धरून ठेवलं, गाव सोडलं आणि पुढे कधी तिचं नाव काढलं नाही. देवाने दुसरं लेकरू दिलं तर पुन्हा लग्नाच्या चुलीपुढे बसणार नाही, असा नवसही ती बोलली होती, पण पोट होतं आणि दुसरं काही येत नव्हतं.

“तिला साप चावला हेच मला माहीत होतं चारू. एकोणचाळीस वर्षं. तू त्या दिवशी पुरळाचं सांगितलंस तेव्हा कळलं, कोण चावलं ते.” तिने आपले हात पाहिले. “तिथे मी एकच खोटं बोलले. उठली म्हटलं.”

खोलीतलं हवेचं यंत्र घुमत होतं. चारूने विचारलं, तिचं नाव काय होतं.

“चारुशीला. तुझ्या बापाला फार आवडायचं. म्हणून तुला तेच ठेवलं.”

प्रमिलाबाई रडली नाही. जे रडायचं ते मागच्या दारी, तोंडावर पाणी मारताना झालं होतं. चारूच्या मनात मात्र एक गोष्ट हळूहळू उमटत गेली आणि मग निघेना. आपण ज्या कागदावर बरे व्हायला गेलो तो आपल्या बहिणीचा कागद होता. तिचा मृत्यू आपण आईकडून मागून आणला, हसत हसत, आणि आईने तो दिला.

दुसऱ्या दिवशी चारूने डॉ. तडवींना सगळं सांगितलं. त्यांच्यावर चौकशी बसली होती, हे चारूला ठाऊक होतं. त्या रागावल्या असत्या तर चारूला सोपं गेलं असतं.

“साक्ष घेताना मी तुमच्या आईकडे बघत होते,” त्या म्हणाल्या. “इतकं खरं दुःख मी खोटं कसं मानणार होते?” मग त्या म्हणाल्या, की उपचार पुन्हा सुरू होतील, सहा-सात आठवड्यांत. यादीत अडतीस जण आहेत. रजनीबाईंचं नाव त्या बोलल्या नाहीत. चारूने स्वतःबद्दल विचारलं. तिच्यासाठी, डॉक्टर म्हणाल्या, भुकटी चालू राहील, ती कुणी बंद करणार नाही. बाकी सांगण्यासारखं सध्या काही नाही. सध्या हा शब्द ऐकून चारूने फोन ठेवला.

श्रावणात प्रमिलाबाई आपली वळकटी घेऊन खोलीत राहायला आली. तिने स्वतःच ठरवलं होतं, की चारू खाते तेच आपण खायचं. म्हणजे तीन तास नकोत, आंघोळी नकोत, लेकीजवळ केव्हाही बसता येईल. डॉक्टरांनी फोनवर विरोध केला, त्रेसष्टाव्या वर्षी नुसत्या भुकटीवर राहायचं काम नाही म्हणाल्या. प्रमिलाबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दिवसातून चार वेळा दोघी पांढरट पाणी ढवळून प्यायच्या. आई वेणी घालून द्यायची, पाठीला तेलाऐवजी नुसता कोमट हात फिरवायची. पहिल्या चारुशीलेच्या गोष्टी सांगायची, ती केव्हा चालायला लागली, कशाला घाबरायची. चारू ऐकायची. अशा वेळी तिला कधी कधी घटकाभर बरं वाटायचं आणि बरं वाटलं याचीच नंतर लाज वाटायची.

भाद्रपदापर्यंत प्रमिलाबाईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. उठताना ती भिंत धरायची. एके सकाळी पेला तिच्या हातातून निसटला आणि वाकून तो उचलायलाही तिला जमेना. चारूने पेला उचलला, जमीन पुसली आणि आईसमोर बसली.

“माय, तू घरी जा. जेव.”

प्रमिलाबाई नाही म्हणाली. चारूने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तिने आवाज चढवला. तू गेलीस तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू, एवढं एकच तिला म्हणायचं होतं, पण तोंडून निघालं ते भलतंच. तुला असं वाळताना बघायला मला इथे बसवलंस का, असं ती म्हणाली. आईने तिच्याकडे पाहिलं, वळकटी तशीच सोडली आणि भिंतीच्या आधाराने बाहेर गेली.

खिडकीतून घराचं मागचं अंगण दिसत होतं. हेमराजने ओट्यावर पाट मांडला, ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. प्रमिलाबाई ताटापुढे बसली आणि तशीच बसून राहिली. हेमराज वाकून तिला काहीतरी म्हणाला. मग तिने पाट आणि ताट सरकवून खिडकीकडे पाठ होईल असे फिरवले आणि बसली. चारूला तिची पाठ तेवढी दिसत होती, पदराखाली वर आलेली खांद्याची हाडं आणि खाली झुकलेली मान. थोड्या वेळाने उजवा खांदा हलला, ताटाकडे गेला, वर आला. पुन्हा गेला. आई जेवत होती. भुकेलं माणूस जेवतं तशी, भराभर.

चारूने मनगटाची पट्टी पाहिली. हिरवी होती. तीन तास मोजायला तिने घड्याळ लावलं आणि काचेला टेकून उभी राहिली.